कचेरीचे मौन

श्रोतेहो, 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. ती आपण हसत हसत उच्चारतो, कारण तिच्यातले दुःख आपल्या अंगवळणी पडले आहे. दाखला उशिरा मिळतो, घराचा नकाशा उशिरा मंजूर होतो, पेन्शनचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास महिना घेतो, आणि आपण खेपा घालीत राहतो. त्या खेपांत चपला झिजतात, परंतु सहसा कोणाचा प्राण जात नाही. आज मी जो विषय आपल्यापुढे मांडणार आहे, त्यात मात्र कचेरीचा विलंब आणि माणसाचा प्राण ह्यांची गाठ अगदी थेट पडलेली आहे.

विषय अमेरिकेतला आहे. तेथे दुकानातून बंदूक विकत घेऊ इच्छिणाऱ्या माणसाच्या पूर्ववृत्ताची सरकारी तपासणी होते. २०२० साली करोनाची साथ पसरली, तेव्हा ही तपासणी ठिकठिकाणी तुंबली. ती का तुंबली, तुंबल्यामुळे काय घडले आणि त्यातून शासनव्यवहाराविषयी काय समजते, हे आज आपण पाहू.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली जी दुसरी दुरुस्ती समाविष्ट झाली, तिच्यात शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. आपल्याकडे 'मला परवाना का द्यावा' हे अर्जदाराने सरकारला पटवून द्यावे लागते. तेथे सामान्यतः गोष्ट उलट आहे. 'ह्या माणसाला शस्त्र का देऊ नये' हे सरकारने दाखवावयाचे असते. शस्त्र कोणाला विकू नये, ह्याची यादी १९६८ च्या कायद्याने ठरवून दिली. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला, न्यायालयापासून पळालेला, अमली पदार्थांचा बेकायदा वापर करणारा, अशा लोकांचा तिच्यात समावेश होता. पुढे १९९० नंतरच्या दशकात पत्नीला किंवा सहचारिणीला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेल्यांचीही तिच्यात भर पडली.

यादी झाली, पण ती पडताळून पाहणार कोण? बरीच वर्षे ग्राहकाने फॉर्मवर 'मी त्या यादीत बसत नाही' असे लिहून सही केली, की काम भागत असे. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमधील एका हॉटेलाबाहेर राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. रेगन बचावले, परंतु त्यांचे वृत्तपत्र-सचिव जेम्स ब्रेडी ह्यांच्या डोक्यात गोळी शिरली आणि ते जन्माचे अपंग झाले. हल्लेखोराने ते पिस्तूल टेक्सासमधील डॅलस शहरात, गहाणवटीच्या एका दुकानातून, फॉर्मवर खोटा पत्ता लिहून विकत घेतले होते. ब्रेडी आणि त्यांच्या पत्नी सेरा ह्यांनी पुढे अनेक वर्षे चळवळ केली, आणि १९९३ साली ब्रेडी ह्यांच्याच नावाचा कायदा संमत झाला. त्या कायद्यानुसार ३० नोव्हेंबर १९९८ पासून देशभर तत्काळ तपासणीची यंत्रणा सुरू झाली. फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन, म्हणजे एफ. बी. आय., ही केंद्रीय तपाससंस्था ती चालविते, आणि तिचे मुख्य ठाणे पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील क्लार्क्सबर्ग ह्या गावी आहे. काही राज्ये ही तपासणी आपल्या पोलीस खात्यामार्फत स्वतःच करतात. खाजगी व्यक्तींनी आपसात केलेल्या विक्रीला मात्र केंद्रीय कायद्याने ही तपासणी लागू नाही.

आता दुकानातील व्यवहार कसा चालतो, ते पाहा. ग्राहक फॉर्म भरतो, ओळखपत्र दाखवितो. दुकानदार त्याची माहिती दूरध्वनीने किंवा संगणकावरून तपासणी-केंद्राला कळवितो. केंद्रातील संगणक गुन्हेगारीविषयक याद्या चाळतो, आणि तीनपैकी एक उत्तर येते: 'द्या', 'देऊ नका', किंवा 'थांबा'. दहांपैकी सुमारे नऊ ग्राहकांना निश्चित उत्तर त्याच वेळी, काही मिनिटांत मिळते. खरा प्रश्न आहे तो त्या दहाव्या ग्राहकाचा, ज्याला 'थांबा' असे सांगण्यात येते.

त्याला थांबवितात का? कारण संगणकाला त्याच्या नावापुढे काहीतरी दिसलेले असते, पण पुरते दिसलेले नसते. समजा, एका माणसाला सहा वर्षांपूर्वी अटक झाली होती. अटकेची नोंद पोलिसांनी वर पाठविली. पण पुढे खटल्याचे काय झाले, तो दोषी ठरला की निर्दोष सुटला, ही नोंद न्यायालयातच राहिली. केवळ अटक झाली म्हणून कोणाचा हक्क जात नाही. निकाल पाहावाच लागतो. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. तिथल्या न्यायालयांची दप्तरे एकसारखी नाहीत. कोठे सर्व काही संगणकावर, तर कोठे जुन्या फायली कपाटात. मग क्लार्क्सबर्गमधील तपासनीस त्या कौंटीच्या कचेरीशी दूरध्वनीने किंवा फॅक्सने संपर्क साधतो; तिथला कारकून उठतो, कपाट उघडतो, फाईल काढतो आणि उत्तर देतो. 'तत्काळ' म्हणविणाऱ्या ह्या यंत्रणेचे शेवटचे टोक असे एका कारकुनाच्या हाती आहे.

त्या कारकुनाचे उत्तर आलेच नाही, तर काय? येथे कायदा करणाऱ्यांपुढे एक अवघड पेच होता. सरकारला उत्तर देण्यास कितीही मुदत दिली, तर नुसते गप्प बसूनच सरकार नागरिकाचा हक्क संपवू शकेल. म्हणून कायद्यात तीन कामकाजाच्या दिवसांची मर्यादा घातली गेली. तेवढ्या अवधीत नकार आला नाही, तर दुकानदाराला आपल्या मर्जीने ती बंदूक ग्राहकाच्या हाती देण्याची मोकळीक आहे. त्याने दिलीच पाहिजे, असे नाही. वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानाने स्पष्ट होकार आल्यावाचून विक्री न करण्याचा नियम आपण होऊन घातला. परंतु कायद्याने पाहिले, तर तीन दिवसांनंतर कचेरीचे मौन म्हणजे अडथळा दूर झाला, असाच अर्थ होतो. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपण विवाहाच्या बोलण्यांत ऐकतो; अमेरिकेने ते बंदुकीच्या व्यवहाराला लावले आहे.

दुसरीकडे, काही राज्यांनी आपल्यापुरते उलट तत्त्व स्वीकारले आहे. तेथे केंद्रीय तपासणीखेरीज राज्याचा परवाना किंवा ओळखपत्र लागते, आणि ते हातात पडेपर्यंत काहीही करता येत नाही. तेथे कचेरीचे मौन म्हणजे नकार.

ह्या दोन प्रकारच्या मौनांची किंमत काय असते, हे साथीच्या पाच वर्षे आधीच, २०१५ च्या एकाच जून महिन्यात दिसून आले होते. दक्षिण कॅरोलिना राज्यात ११ एप्रिल २०१५ रोजी एकवीस वर्षांच्या एका तरुणाने पिस्तूल घेण्यासाठी फॉर्म भरला. उत्तर आले, 'थांबा'. थोड्याच दिवसांपूर्वी अमली पदार्थ बाळगल्याबद्दल त्याला अटक झाली होती, आणि त्याने तशी कबुलीही दिली होती. विक्री नाकारण्यास तेवढे पुरेसे होते. परंतु नोंदीतील चुकीमुळे तपासनीसाने विचारणा केली ती भलत्याच कचेरीकडे. तीन दिवस उलटले. १६ एप्रिलला पिस्तूल तरुणाच्या हाती पडले. १७ जूनच्या रात्री त्याने चार्ल्स्टन शहरातील इमॅन्युएल चर्चमध्ये धर्मग्रंथाच्या अभ्यासासाठी जमलेल्या नऊ कृष्णवर्णीय भाविकांची हत्या केली. ही विक्री व्हावयास नको होती, असे एफ. बी. आय.चे तत्कालीन संचालक जेम्स कोमी ह्यांनी पुढच्या महिन्यात जाहीरपणे मान्य केले.

त्याच जूनच्या आरंभी, न्यू जर्सी राज्यात, एका स्त्रीचा तिच्याच घरासमोर खून झाला. पूर्वीच्या सोबत्यापासून तिला धोका होता. न्यायालयाने त्याला तिच्यापासून दूर राहण्याचा हुकूमही दिलेला होता. तिने एप्रिलमध्ये पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत निर्णय व्हावयाचा. तीस दिवस होऊन गेले, उत्तर आले नाही. तेवढ्यात तो मनुष्य सुरी घेऊन आला. हाती पिस्तूल असते तर ती वाचली असती काय, हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु कायद्याने दिलेला शब्द पाळला गेला नाही, आणि ती वाट पाहत असतानाच गेली, एवढे खरे.

श्रोतेहो, हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावे. अमेरिकेतील वादात एक पक्ष पहिलाच प्रसंग सांगतो, दुसरा पक्ष दुसराच. एक म्हणतो, घाई म्हणजे बेपर्वाई; दुसरा म्हणतो, विलंब म्हणजे नकार. पण ज्या स्त्रीला मारेकऱ्याचे भय आहे, तिचा विचार करा. कदाचित रांगेत ती स्वतः उभी असेल आणि तिचा कागद अडकला असेल. कदाचित रांगेत तो उभा असेल आणि त्याची शिक्षा ज्या फाईलीत आहे, ती फाईल सापडत नसेल. तिच्या जिवाला दोन्हीकडून सारखाच धोका आहे, आणि दोन्ही वेळी तो एकाच कारणाने उत्पन्न झाला आहे: वेळेवर न आलेले उत्तर.

आता २०२० च्या मार्चकडे येऊ. १३ मार्च रोजी अमेरिकेत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. किराणा मालाच्या दुकानांपुढे जशा रांगा लागल्या, तशाच बंदुकीच्या दुकानांपुढेही लागल्या. पोलीस आजारी पडले तर रक्षण कोण करील, टंचाई होऊन लुटालूट सुरू झाली तर काय, अशी भीती लोकांच्या मनात होती. त्या एका महिन्यात तपासणी-यंत्रणेकडे ३७ लाखांहून अधिक विचारणा आल्या. एकट्या २० मार्चला दोन लाख दहा हजारांवर. २०१९ च्या सबंध वर्षात २ कोटी ८३ लाख विचारणा झाल्या होत्या. २०२० मध्ये तो आकडा ३ कोटी ९६ लाखांवर गेला. विचारणांची संख्या म्हणजे विकलेल्या बंदुकांची संख्या नव्हे, हे ध्यानात ठेवावे. परवान्यांच्या तपासण्याही तिच्यात मोजल्या जातात. तथापि भार किती वाढला, हे त्यावरून कळते. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ ह्या अवधीत सुमारे ७५ लाख प्रौढ माणसे आयुष्यात प्रथमच बंदुकीची मालक झाली, आणि त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, असा अंदाज संशोधकांनी पुढे प्रसिद्ध केला.

भार वाढला, हे एक झाले. त्याच वेळी उत्तर देणारे कमी झाले, हे दुसरे. साथीमुळे कौंटीची न्यायालये बंद पडली किंवा अर्ध्या माणसांवर चालू लागली. मघाशी ज्या कारकुनाचा उल्लेख केला, तो आता घरी बसला होता. संगणकावरचे काम घरी नेता येते. कपाटातली फाईल नेता येत नाही. क्लार्क्सबर्गहून प्रश्न जात होते, पण पलीकडच्या खोलीत ते ऐकण्यास कोणी नव्हते. कोलोरॅडो राज्य ही तपासणी स्वतः करते. तेथे एरवी मिनिटांत होणारे काम काही दिवसांवर गेले.

तीन दिवसांचे घड्याळ मात्र कायद्यात लिहिलेले होते, आणि साथ आली म्हणून ते लांबत नव्हते. त्यात एक मौजेची, परंतु गंभीर अडचण निघाली. कामकाजाचा दिवस म्हणजे ज्या दिवशी राज्याच्या कचेऱ्या उघड्या असतात तो, अशी व्याख्या त्या कायद्यातच आहे. मग ज्या राज्यात दारे लोकांसाठी बंद आहेत, पण कर्मचारी घरून काम करीत आहेत, तेथे तो दिवस मोजावयाचा की नाही? मोजला, तर मौनाचा होकार होतो; न मोजला, तर ग्राहक अनिश्चित काळ ताटकळतो. कायदा लिहिणाऱ्यांनी सुट्ट्यांचा विचार केला होता. महिनोन्महिने चालणाऱ्या साथीचा केला नव्हता.

जेथे मौनाचा अर्थ नकार होता, तेथेही गोंधळ कमी नव्हता. इलिनॉय राज्यात १९६८ च्या एका कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यासाठी राज्य पोलिसांचे ओळखपत्र लागते, आणि नव्या अर्जाचा निकाल तीस दिवसांत लागावा असा नियम होता. २०२० मध्ये अर्जदार महिनोन्महिने थांबले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. उत्तर कॅरोलिनात पिस्तूल खरेदीचा परवाना कौंटीचा शेरीफ देत असे. तेथील वेक कौंटीच्या शेरीफने गर्दी टाळण्यासाठी २४ मार्च रोजी नवे अर्ज घेणेच थांबविले. दावा लागला, आणि ते काम पुन्हा सुरू झाले. कनेक्टिकटमध्ये बोटांचे ठसे घेण्याचे काम थांबले, आणि ठशांवाचून परवाना मिळत नसे. जूनमध्ये तेथील केंद्रीय न्यायालयाने ते सुरू करण्याच्या बाजूने निर्णय दिला. मॅसॅच्युसेट्समध्ये दुकानेच बंद होती. तीही मे महिन्यात न्यायालयाच्या हुकुमाने उघडली.

हे सर्व अधिकारी शस्त्रांचे द्वेष्टे होते, असे समजणे अन्यायाचे होईल. ठसे घेणाऱ्या पोलिसाला दुसऱ्याचा हात हातात धरावा लागतो, आणि त्या दिवसांत हात हातात धरणे हेच भयाचे झाले होते. आपल्या माणसांचे आरोग्य जपणे हे त्यांचे कर्तव्यच होते. पण एक कर्तव्य पाळताना दुसरे थांबले, आणि किती काळ थांबावे, हे आधी कोणी ठरवून ठेवले नव्हते.

मौनाचा होकार झाल्यावर पुढे काय होते, तेही सांगितले पाहिजे. तीन दिवसांनी विक्री झाली, आणि नंतर फाईल सापडून तो ग्राहक अपात्र निघाला, तर शस्त्र परत आणण्याचे काम दुसऱ्या एका केंद्रीय खात्याकडे जाते. आधी एका कागदाने जे थांबले असते, त्यासाठी आता अधिकाऱ्याला सशस्त्र माणसाच्या दारावर थाप मारावी लागते. अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१६ साली सांगितले होते, की २००६ ते २०१५ ह्या दहा वर्षांत घरगुती हिंसेच्या नोंदीमुळे अपात्र असलेल्या माणसांच्या हाती अशा रीतीने सुमारे ६,७०० शस्त्रे गेली. हे साथ नसतानाचे चित्र आहे. अमेरिकेत बंदुकीने झालेले मृत्यू २०१९ साली ३९,७०७ होते, ते २०२० साली ४५,२२२ झाले. ह्या वाढीचा दोष तपासणीच्या विलंबावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. त्या वर्षी समाजात पुष्कळ काही एकदमच बिघडले होते. परंतु अशा काळात तपासणी नीट चालणे किती अगत्याचे होते, हे त्या आकड्यांवरून दिसते.

साथ ओसरल्यावर दुरुस्त्या झाल्या, त्याही दोन्ही दिशांनी. तीन दिवसांची मुदत वाढविणारे विधेयक प्रतिनिधिसभेने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये संमत केले. सिनेटमध्ये ते अडले. जून २०२२ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील ग्राहकांपुरती, संशयास कारण असल्यास, ही मुदत दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढविली. उलट उत्तर कॅरोलिनाने २०२३ साली शेरीफचा पिस्तूल-परवानाच रद्द करून टाकला. वाद बहुतेक घड्याळाचा झाला: तीन दिवस की दहा, तीस की शून्य?

माझ्या मते मूळ दुखणे घड्याळात नाही. ते दप्तरात आहे. टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज गावच्या चर्चमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये जो हत्याकांडाचा प्रकार झाला, त्यातील मारेकऱ्याला हवाई दलाच्या लष्करी न्यायालयाने पूर्वीच शिक्षा केली होती. पण ती नोंद केंद्राकडे कधी पाठविलीच गेली नव्हती. त्याच्या बाबतीत विलंब झाला नाही. विचारणा झाली, आणि उत्तर झटपट आले: 'द्या'. नोंद नसेल, तर दहा काय, शंभर दिवस थांबूनही उपयोग नाही. आणि नोंद पूर्ण असेल, तर दहा मिनिटे पुरतात. अशा नोंदी वेळेवर पाठविल्या जाव्यात, म्हणून २००८ आणि २०१८ मध्ये कायदे झाले. ते काम रुक्ष आहे. त्यासाठी मोर्चे निघत नाहीत. पण चार्ल्स्टनचे नऊ जण आणि न्यू जर्सीतील ती स्त्री, ह्या सर्वांचे प्राण अशाच रुक्ष कामावर अवलंबून होते.

आता क्षणभर आपल्या घराकडे वळू. आपला शस्त्रविषयक कायदा १९५९ चा. परवान्याचा अर्ज आला, की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवावा, असे त्यात सांगितले आहे. तो अहवाल मुदतीत आला नाही तर? आपल्या कायद्यानेही ह्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे: मुदत संपल्यावर, योग्य वाटल्यास, अधिकाऱ्याने अहवालाची वाट न पाहता निर्णय द्यावा. म्हणजे पेच तोच आहे. फरक एवढाच, की मौनानंतरचा निर्णय आपल्याकडे जबाबदार अधिकाऱ्याने घ्यावयाचा, आणि अमेरिकेत तो माल विकणाऱ्या दुकानदारावर सोपविलेला आहे. मला आपली योजना अधिक सुरक्षित वाटते. पण ठाण्यातला अहवाल वेळेवर येत नसेल, तर तीही कागदावरच राहील.

साथीने हा दोष निर्माण केला नाही. तो आधीपासून होता, साथीने तो उघडा पाडला. पुन्हा असा प्रसंग कधी येईल, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून तीन गोष्टी शांततेच्या काळातच करून ठेवावयास हव्यात. दप्तर पुरे आणि दुरूनही पाहता येईल असे असावे. संकटात कचेरी बंद पडली, तर कोणते काम कोणी चालू ठेवावयाचे, हे आधी ठरलेले असावे. आणि उत्तर आले नाही, तर त्या मौनाचा अर्थ काय व त्याची जबाबदारी कोणाची, हे कायद्याने स्पष्ट सांगितलेले असावे. एवढे झाले, तर रांगेत उभ्या असलेल्या सज्जनाला ताटकळावे लागणार नाही, आणि त्याच रांगेतील दुर्जनाला केवळ फाईल सापडली नाही म्हणून शस्त्र मिळणार नाही.